दत्तोबांच्या छातीतला आवाज

पिंपळीच्या दत्तोबांनी आजवर किती डॉक्टर पास केले, असं कुणी विचारलं की ते मान वर करून आढ्याकडं बघायचे. "धा-पंधरा तर नुसते छातीचे," म्हणायचे, "पोटाचे मी धरत न्हाय." पोटाचे कुठले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि ऐकणाऱ्यानंही विचारलं नाही. दत्तोबा या विषयावर एकदा सुटले की बारामतीची एसटी चुकलीच म्हणून समजावं.

माणूस तसा साधा. चार एकर रान, त्यात दीड एकर ऊस, दोन म्हशी. बापाच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती. दत्तोबांच्या हाती कारभार आला तेव्हा मेंढरं गेली आणि विहीर आली. पण या साध्या माणसाच्या हृदयातली एक झडप अरुंद होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. घरच्यांनी अंगारा लावला, ताप गेला, आणि जाताजाता झडप आवळून गेला. तिच्यातून रक्त पुढं जाताना बारीक गुरगुर व्हायची. ही गुरगुर ऐकणं महाकठीण. नवशिक्या डॉक्टरला तर ती सापडतच नाही. दत्तोबांनी एकदा डॉक्टरची नळी कानाला लावून स्वतःच ती ऐकली होती आणि सगळ्या गावाला सांगितलं होतं, "लांबच्या रानात ट्रॅक्टर चढाला लागल्यावानी वाजतं."

म्हणून पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एम.डी.ची परीक्षा आली की दत्तोबांना पोस्टकार्ड यायचं. परीक्षेसाठी असे निवडक रोगी बोलावून घेत. पंख्याखालची खाट, सकाळी दूध, दुपारी केळी, आणि वॉर्डातल्या मावशीसुद्धा "या तात्या" म्हणायच्या. परीक्षेला बसलेल्या डॉक्टरनं रोग्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि याला काय झालंय ते परीक्षकांना सांगायचं. रोग्यानं मात्र रोगाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम.

नियम दत्तोबा पाळायचे. नाव घ्यायचे नाहीत, नुसते खोकायचे. नळी चुकीच्या जागी टेकली की एकदा खोकायचे, बरोबर जागी आली की गप्प. अगदीच मेहेरबान झाले तर म्हणायचे, "डाव्या कुशीवर वळू का, डॉक्टर?" कारण डाव्या कुशीवर वळल्यावरच ती गुरगुर नीट ऐकू येते. ही मेहेरबानी सगळ्यांच्या वाट्याला नव्हती. आल्या आल्या नाव-गाव विचारील त्यालाच खोकला. "शर्ट काढा" म्हणून सुरुवात करणाऱ्यापुढं दत्तोबा दगडासारखे पडून राहायचे. असा एकजण नापास झाल्याचं ते फार समाधानानं सांगत. हे काही बरं नव्हे, पण माणसाला आपला रुबाब एकाच ठिकाणी मिळत असेल तर तो तिथं थोडा जास्तच वाजवून घेणार.

याच दवाखान्यात त्यांना मनिषा भेटली. कोऱ्हाळे बुद्रुकची. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, घरातली पहिलीच डॉक्टर. एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्याबरोबरच्या शहरातल्या पोरांच्या घरी बाप डॉक्टर, काका डॉक्टर, जेवताना रोगांच्या गप्पा. हिच्या घरी जेवताना कालव्याच्या आवर्तनाच्या गप्पा. वॉर्डात ही पोरगी चार माणसांचं काम एकटी ओढायची, पण परीक्षक समोर उभे राहून इंग्रजीत विचारू लागले की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. असली ती एकटी नव्हती. लोणी भापकरचा सोमनाथ होता, इंदापूरच्या दवाखान्यात सहा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेले दोघं होते, नुकताच दाखल झालेला विकी होता. सगळे गावाकडचे, सगळे शिकाऊ, सगळ्यांना परीक्षकांची एकच धास्ती.

या पाचजणांनी मिळून मंडळ काढलं. महिन्यातले दोन रविवार, सुटी मिळेल त्यानं यायचं. जागा बारामतीत, सोमनाथच्या मामांच्या बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर. एकानं रोगी तपासायचा, बाकीच्यांनी परीक्षक होऊन त्याला छळ छळ छळायचं, मग पाळी बदलायची. चुकलेल्याला हसायचं नाही, हा पहिला नियम, आणि तो पहिल्याच रविवारी तीनदा मोडला.

आता तपासायला रोगी हवा. मनिषानं पिंपळीला जाऊन दत्तोबांना विचारलं, "तात्या, आमच्या मंडळात याल का?"

मंडळात! दत्तोबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गावातल्या गणेश मंडळानं त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि सोसायटीच्या निवडणुकीत ते दणकून पडले होते. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बायको म्हाळसाबाई म्हणाल्या, "शर्ट तर तितं काढायचाच हाय की." दत्तोबांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

माडीवर बियाण्याच्या पोत्यांना लागून एक लांबलचक टेबल होतं, ते त्यांचं सिंहासन. एका वर्षात दत्तोबा एवढं शिकले की विकी काही विचारायचा विसरला तर हेच टोकायचे, "उशा किती घेता, ते न्हाय ईचारलं तुमी. उशा ईचाराव्या. दम लागनाऱ्याला सपाट झोपता येत न्हाय. लई म्हत्त्वाचं हाय." विकी ओशाळून विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा.

शहाण्णवच्या डिसेंबरात मनिषा नापास झाली.

झालं असं, की तिला दुसराच रोगी मिळाला आणि त्याच्या छातीत नेमकी हीच गुरगुर होती. तिला ती सापडेना. दत्तोबा तीन खाटा पलीकडं होते. तिथून ते घसा बसेपर्यंत खोकले. पण तीन खाटांवरून खोकून काय कळणार? परीक्षकांनी उलट दत्तोबांनाच औषध द्यायला सांगितलं. मनिषा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. दत्तोबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी केळीसुद्धा खाल्ली नाहीत. "ताई," ते म्हणाले, "मे म्हैन्यात परत बसा. तवर माझी छाती तुमची. ईल तवा ऐका. कान असा तयार करू की झोपंत बी ऐकू येईल."

आणि जानेवारीत सोमनाथनं मंडळात फुग्याची गोष्ट आणली.

त्यानं फळ्यावर चित्र काढून समजावलं. मांडीतल्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यायची. टोकाला मिटलेला फुगा. तो झडपेत पोचला की फुगवायचा, की अरुंद झडप उघडते. छाती कापायची गरज नाही, पुण्यातही आता करतात. हे ऐकल्यावर सगळ्यांनी एकदम वळून दत्तोबांकडं असं बघितलं, की त्यांनी शर्टाची बटणं लावून टाकली.

"आन् आवाज?" त्यांनी विचारलं.

"आवाज जवळजवळ जाईल, तात्या. पण त्रास असेल तरच करायचं. चालताना दम लागत नसेल, सपाट झोपता येत असेल, तर थांबलं तरी चालतं."

दत्तोबांनी हे वाक्य गाठीला बांधलं. कारण खरी गोष्ट अशी होती, की दिवाळीपासून त्यांना गोठ्यापर्यंत जाऊन आलं तरी दम लागत होता.

त्या दिवसापासून हा माणूस धडधडीत खोटं बोलू लागला. इतक्या वर्षांत डॉक्टर काय विचारतात हे त्यांना पाठ झालं होतं, आणि कुठल्या उत्तराला काय होतं हेही. "दम? छ्या. दोन मजले चढतो." "उशी? येकच." वर विकीला दटावायचे, की पायाची सूज बघितली नाहीस. माडीला अठरा पायऱ्या होत्या. दत्तोबा मंडळाच्या तासभर आधी यायचे, सहाव्या पायरीवर बसायचे, बाराव्या पायरीवर बसायचे. मामांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "लाकूड बघतोय. सागवान हाय न्हवं?" मंडळी यायच्या वेळी ते वर टेबलावर मांडी घालून तयार. पोरांना संशय तरी कसा यावा? त्यांना रोग्याला प्रश्न विचारायला ज्यानं शिकवलं, तोच शेंडी लावत होता.

मनिषासाठी चाललंय हे सगळं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती, आणि ते खोटंही नव्हतं. तिचा कान खरंच तयार होत होता. पण आत आणखी एक भीती होती, ती ते स्वतःलाही सांगत नव्हते. आवाज गेला तर दत्तोबांना पोस्टकार्ड कोण पाठवणार?

मार्चमध्ये एका रविवारी म्हाळसाबाई म्हणाल्या, "मी बी येते. बांगड्या भरायच्या हाईत, आन् तुमचं मंडळ बी बघते." दत्तोबांनी ऊन आहे, गर्दी आहे, म्हशींना कोण बघणार, सगळं सांगून पाहिलं. म्हाळसाबाई एसटीत त्यांच्या आधी चढल्या. सहाव्या पायरीवर दत्तोबा बसले तशा त्याही शेजारी बसल्या. त्यांना सवयच होती.

त्या दिवशी मनिषाची पाळी होती आणि सोमनाथ परीक्षक. दत्तोबांची ठरलेली उत्तरं झाली. मग सोमनाथ म्हणाला, "रोग्याचे नातेवाईक हजर आहेत. त्यांना विचारायचं राहिलं का, डॉक्टर?"

मनिषा वळली. "मावशी, तात्या घरी झोपतात कसे?"

दत्तोबा खोकले.

"झोपत्यात कुठं, बाई," म्हाळसाबाई म्हणाल्या. "भितीला टेकून बसत्यात. मागं तीन गोधड्या घालून देते मी."

दत्तोबा दोनदा खोकले.

"आन् हे असं. खोकत्यात बी."

विकीच्या हातातलं पेन थांबलं. दत्तोबांनी डाव्या कुशीवर वळून तोंड भिंतीकडं केलं, पण म्हाळसाबाईंना आता कोण आवरतो? वैरणीची पेंढी उचलली की खाली बसतात, विहिरीवरून येताना तीनदा थांबतात, दोन महिने झाले देवळाची पायरी चढले नाहीत. "मला म्हनले, मंडळात काय बोलू नगं. पर तुमी ईचारलं म्हनून सांगितलं. डॉक्टरापासनं काय लपवायचं?"

मनिषानं वही उघडली. जानेवारीपासून तिनं दत्तोबांना सहा वेळा तपासलं होतं. सहाही वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, दम लागत नाही. ती सहाही पानं तिनं मोठ्यानं वाचून दाखवली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचाही आणि स्वतःचाही. "तात्या, आम्ही सगळे मिळून तुमची छाती ऐकत होतो हो. छातीच ऐकत होतो नुसती."

"ताई, मे होऊ द्या," दत्तोबा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले. "तुमी पास झाला की दुसऱ्या दिशी फुगा घाला. दोन घाला."

"मी नापास झाले तर डिसेंबरात परत बसेन. तुमच्या फुप्फुसात पाणी भरलं तर कुठला डिसेंबर?"

"आन् आवाज गेल्यावर मला कोन ईचारनार?"

हे त्यांच्या तोंडून निसटलंच. असा विचार त्या पोरांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. म्हाळसाबाईच म्हणाल्या, "मी ईचारीन की. जेवला का म्हनून."

तरी दत्तोबा हटले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले, शर्ट काढला, टेबलावर आडवे झाले. मंडळानं संप केला होता. मनिषा पुस्तक वाचत बसली. सोमनाथ पुस्तक वाचत बसला. विकी तर पुस्तक उलटं धरून वाचत होता. दत्तोबा खोकले, कुणी बघितलं नाही. "डाव्या कुशीवर वळू का?" म्हणाले, कुणी हो-नाही म्हटलं नाही. अर्धा तास उघड्या अंगानं पडल्यावर माणसाला कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. शेवटी ते उठून बसले. "घाला बाबा तुमचा फुगा," म्हणाले, "पर ही पुस्तकं मिटा आदी."

महिना संपायच्या आत पुण्याला फुगा झाला. झडप उघडली. ऑपरेशनच्या टेबलावरून उतरवायच्या आत दत्तोबांनी हट्टानं नळी कानाला लावून घेतली आणि बराच वेळ ऐकलं. "ट्रॅक्टर गेला," ते म्हणाले. घरी आल्यावर ते एकाच उशीवर सपाट झोपले, तर म्हाळसाबाईंनी घाबरून त्यांना दोनदा हलवून बघितलं.

त्यानंतरच्या रविवारी ते मंडळात आले, पण टेबलावर बसले नाहीत. कोपऱ्यात पोत्यावर बसले. विकीनं नळी लावली आणि सांगितलं, काही ऐकू येत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तोबाही हसले, चहा प्याले आणि लवकर निघाले.

पण छाती मोकळी झालेल्या माणसाला घरात बसवत नाही. एप्रिलमध्ये ते निमगाव केतकीला म्हाळसाबाईंच्या भावाकडं गेले. तिथं त्या भावाची पोरगी होती, विशीतली. नाव नकोशी, घरात नकू म्हणायचे. ही पोरगी विहिरीवरून दुसरी घागर आणताना मध्येच बसायची. आई म्हणायची, कामचुकार आहे. दत्तोबा ओट्यावर बसून तीन दिवस बघत राहिले. मग तिला बोलावून त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. लहानपणी सांधे सुजले होते का? जिन्यावर थांबतेस का? उशा किती? आईला वाटलं, दाजींचं डोकं फिरलं. दुसऱ्या रविवारी दाजींनी पोरीला एसटीत घालून बारामतीला आणलं.

"हिच्या छातीत माझाच आवाज असनार," त्यांनी मंडळाला जाहीर केलं, आणि स्वतः नातेवाइकाच्या खुर्चीत बसले.

मनिषा नकूशेजारी बसली. आधी नाव विचारलं, गाव विचारलं, शाळा कितवीपर्यंत ते विचारलं. मग दम लागतो का, म्हणून विचारलं.

"न्हाय," नकू म्हणाली. "मला काय सुदिक हुत न्हाय." तिच्यासाठी स्थळं बघत होते. दमेकरी पोरगी कोण करून घेतो?

दत्तोबा या वेळी खोकले नाहीत. सरळ बोलले. "नकू, खोटं सांगू नगं. म्या ह्याच टेबलावर बसून ह्या पोरांस्नी खोटं सांगितलंय. माझं काय जायाचं, मी म्हातारा. तू आदी नीट हो. मग बघू कोन करत न्हाय ते."

नकू रडली आणि मग सगळं सांगितलं. मनिषानं नळी ठेवली. कुणी खोकलं नाही, कुणी कूस सुचवली नाही. तिनं आपणहून पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. लहान पोरासारखं हसू होतं ते, आवरेना. उठून तिनं सगळं सांगितलं, आवाज कुठं आहे, कसा आहे, झडप किती अरुंद असेल, एका दमात, इंग्रजीत, न अडखळता. परीक्षक सोमनाथ पुढचा प्रश्न विचारायचाच विसरला. इतका सुंदर आवाज परीक्षेआधी तीन आठवडे हाती लागला होता.

"हिचा फुगा परीक्षेच्या आत व्हायला पाहिजे," मनिषा म्हणाली.

म्हणजे सरावाला आवाज उरणार नाही, हे सोमनाथच्या ध्यानात आलं, आणि त्यानं नकूचा कागद लिहायला घेतला.

मनिषानं पुण्यात याच्यात्याच्या मागं लागून परीक्षेच्या आठ दिवस आधी नकूचा फुगा करवून घेतला. नकूची झडप उघडली, तिचाही आवाज गेला. शेवटच्या रविवारी मंडळ जमलं तेव्हा त्यांच्याकडं ऐकायला साऱ्या बारामती-इंदापुरात एकही गुरगुर उरली नव्हती. पाचजण एकमेकांकडं बघून जे हसत सुटले, ते खालून मामा ओरडेपर्यंत थांबले नाहीत. मग मनिषानं विकीची निरोगी छाती तपासून सराव केला.

निकालाच्या दिवशी दत्तोबा सकाळपासून मामांच्या दुकानात बसले होते. बाजरीचं बियाणं बघतोय, असं सांगून त्यांनी चार पिशव्या उलट्यासुलट्या करून झाल्या होत्या. तिन्हीसांजेला फोन वाजला. मामांनी उचलला आणि त्यांच्याकडं दिला.

"तात्या," पलीकडून मनिषा म्हणाली, "पास झाले."

दत्तोबांना बोलायचं खूप होतं. कुठला रोगी मिळाला, त्याचं नाव आधी विचारलंस ना, परीक्षक काय म्हणाले. पण फोन मामांच्या हातात देऊन ते पोत्यावर खाली बसले आणि छातीवर हात ठेवला.

मामा घाबरले. "काय झालं तात्या? दम लागला का?"

"व्हय," दत्तोबा हसत, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "लई दम लागलाय. सांगा त्या पोरांस्नी, लिवून घ्या म्हनावं."